मागच्या गाडीत आहे, मी पाहिली

मे महिना लागला की आमच्या अंजूरमध्ये चाकांचा आवाज सुरू होतो. बॅगांच्या चाकांचा. गल्ल्या काँक्रीटच्या झाल्यापासून तो फार मोठा येतो. कुणीतरी दार ओढून घेतं, कुलूप लावतं, दोनदा हिसका देऊन बघतं, आणि मग खडखड करत चार-सहा बॅगा कोपऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीपर्यंत जातात. मागून एखादी म्हातारी सांगते, "पोचल्यावर फोन करा." मी ओट्यावर पेपर घेऊन बसलेला असतो. पेपर हातात वाजायला लागतो, म्हणून घडी करून तो मांडीखाली ठेवतो.

घरच्यांना वाटतं, बाबांचं वय झालं. सुनेनं दोनदा बीपी मोजून घेतलं. बीपी बरं आहे. मला भीती वाटते, एवढंच. पंचवीस वर्षं ज्यानं लोकांना फिरवून आणलं, त्याला लोक फिरायला निघाले की भीती वाटते, हे कुणाला सांगणार? गेल्या उन्हाळ्यात नातू दुबईला गेला. त्यानं फोनवरच्या नकाशात त्याचा निळा ठिपका मला दाखवून ठेवला होता. तो ठिपका एका दुपारी समुद्रात जाऊन थांबला. बोटीवर जेवण होतं म्हणे. मी मात्र जेवलो नाही. ठिपका परत जमिनीवर आला तेव्हा उठून हात धुतले.

मी यात्रा काढायचो. टूर हा शब्द नंतर आला. आम्ही खाडीकाठची शेतकरी माणसं. भात, मिठागर आणि मासळी एवढंच जग. माझ्या लहानपणी कुणी प्रवासाला निघालं म्हणजे लग्नाला, मयताला, नाहीतर देवाला. उगीच, बघण्यासाठी म्हणून कुणी जात नसे. मग राहनाळकडून गोदामं सरकत सरकत आमच्या शेतांपर्यंत आली आणि माणसांच्या हातात रिकामे दिवस आले. भात लावायचं नाही, झोडायचं नाही, तर उन्हाळ्यात करायचं काय? तेव्हा मी पहिली बस ठरवली. अष्टविनायक, तीन दिवस. पुढं उज्जैन, काशी, मग थेट हिमालयातले देव.

त्या बसच्या टपावर अर्धं गाव असायचं. आमच्याच शेतातले तांदूळ, दोन मोठी पातेली, शेगडी, सिलिंडर, वळकट्या, पापडाचे डबे. लिंबं टोपलीभर, कारण घाट लागला की निम्मी बस ओकायची. स्वयंपाकाला एक महाराज. कुठंही गेलो तरी जेवण आपलं. काशीच्या धर्मशाळेत बसून आमच्या बायका वरणाला नावं ठेवायच्या, त्यात त्यांना काशीइतकाच आनंद असायचा. आता बघतो, मोठ्या कंपन्यांच्या सहलीसुद्धा बर्फात नेऊन पुरणपोळी खायला घालतात. माणूस लांब जातो आणि पानात घर शोधतो, ते काही बदललेलं नाही.

बाकी सगळं बदललं. देव मागं पडले, मग गोवा-महाबळेश्वर आलं, मग काश्मीर, मग दुबई आणि थायलंड. आता तर ज्या देशांची नावं मला नीट उच्चारता येत नाहीत, तिथं आमची पोरं लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात जातात. पूर्वी वर्षभर ठरायचं, आता रविवारी ठरतं आणि शुक्रवारी निघतात. फक्त बायकांचे गट निघतात, एकसारखे टीशर्ट घालून. एकटी पोरगी पाठीला बॅग लावून हिमाचलला जाते आणि तिचा बाप ओट्यावर बसून तिचे फोटो आम्हाला दाखवतो. याच दिवसांत भिवंडीत कापडाच्या लूमवरची माणसं उत्तरेला आपापल्या गावी जातात. गल्ल्या गप्प होतात. ते सुट्टीला जातात असं कुणी म्हणत नाही, 'गाव गया' म्हणतात. त्यांच्या हातात शिलाई केलेल्या पोत्याच्या पिशव्या असतात, आमच्यांच्या हातात चाकांच्या बॅगा. रस्त्यात दोघं एकमेकांना ओलांडून जातात.

सहलीला जाणं म्हणजे काय, याचा मी फार विचार केला आहे. घरात असतो तेव्हा आपण आपले असतो. गटानं निघालो की आपण कुणाच्या तरी मोजणीत जाऊन बसतो. तो मोजेल, या भरवशावर आपण खिडकीबाहेर बघतो. मी तो मोजणारा होतो. आणि मी मोजत नव्हतो.

मोजत नव्हतो, कारण आमच्यात तशी पद्धत नव्हती. देवाला निघालेल्या माणसांवर बोट ठेवून एक, दोन, तीन करायचं नाही, त्यातलं एखादं कमी होतं, असं आमच्या बायका म्हणायच्या. मलाही ते पटलेलं होतं. म्हणून आम्ही चुली विचारायचो. गाडी सुटायच्या आधी मी दारात उभा राहून एकेका घराचं नाव घ्यायचो. "नारायणची चूल?" त्या घरातलं मोठं माणूस आपली माणसं बघून सांगायचं, "भरली." सगळ्या चुली भरल्या की मी पत्र्यावर थाप मारायचो. वीस वर्षं त्या पद्धतीनं एक माणूस हरवलं नव्हतं. तिच्यात खोट होती ती एवढीच, की जे माणूस दोन चुलींवर जेवतं, ते कुठल्या चुलीत धरायचं हे कुणी ठरवलं नव्हतं.

हिरूबाय दोन चुलींवर जेवायची. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली होती, मूलबाळ नव्हतं. थोरला भाऊ पांडूदादा आणि धाकटा बालू, दोघांच्या भिंती लागून. एक महिना दादाकडं, एक महिना बालूकडं. यात कुणाला ओझं वाटत नव्हतं. उलट तिचा महिना संपला की दादाची बायको, म्हणजे सगळ्या गावाची वहिनी, कुरकुरायची. हिरूबाय माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, उंच, हिरवं लुगडं, आणि तोंडानं फटकळ. मला सगळ्यांदेखत टोचायची.

"गजा, तुझ्या म्हाराजाच्या डालीला चव न्हाय. देवाचं दर्सन होऊ दे, मंग मी जवला काढनार हाय."

"हिरूबाय, बद्रीनाथाच्या वाटेवर मासळी?"

"परत येताना. देव काय मागं वलून बघतो?"

त्या वर्षी दोन बसा होत्या. वीसेक वर्षं झाली. पहिल्या बसमध्ये मी आणि दादाचं घर, मागच्यात बालूचं. हिरूबायचा तो महिना बालूचा. पण गप्पांसाठी ती कधी या गाडीत, कधी त्या. त्या सकाळी ती वहिनीच्या शेजारी, आमच्या गाडीत बसली होती.

ती दुपार मला अजून वासासकट आठवते. बद्रीनाथच्या अलीकडं डोंगराची दरड रस्त्यावर आली होती. सकाळपासून गाड्यांची रांग. एका बाजूला खोल नदी, तिचा आवाज इतका की माणूस माणसाशी ओरडून बोलत होतं. ओल्या मातीचा, डिझेलचा आणि उकळून कडू झालेल्या चहाचा वास. लाकडी खोक्याएवढी एक टपरी, तिच्यापुढं आमची ऐंशी माणसं. पोरं खडे फेकत होती. तीनच्या सुमारास पुढून शिट्टी वाजली. रस्त्याचं काम करणारी माणसं हात हलवायला लागली. तासभर सोडतो म्हणाले, चला. मग काय धावपळ झाली. कुणाची चप्पल एका हातात, कुणाचं पोर काखेत. मी दोन बसांच्या मधे उभा राहिलो आणि नदीच्या वरताण ओरडायला लागलो.

"पांडूदादाची चूल?"

"भरली."

"बालूची चूल?"

"भरली."

दादाला वाटलं, हिरूचा महिना बालूकडचा, ती तिकडं चढली. बालूला वाटलं, सकाळपासून ती वहिनीजवळ आहे. दोघांनी आपापल्या परीनं खरं सांगितलं. हिरूबाय तेव्हा टपरीच्या मागं, खाली झाडीत गेली होती. बायकांना प्रवासात आडोसा शोधावा लागायचा, आणि ती लांब जायची. तिला लाज फार. मी पत्र्यावर थाप मारली.

इथपर्यंत गावाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

गाडी निघून पाच-सात मिनिटं झाली असतील. दरड अजून ओलांडली नव्हती, ती पुढच्या वळणावर होती. दादा मागून उठून, दांड्याला धरत धरत माझ्याजवळ आला. खाली वाकून म्हणाला, "गजा, हिरू मागच्या गारीन हाय ना?"

मी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. काचेतून पुढची रांग दिसत होती. थांबलो असतो तर मागच्या सगळ्या गाड्या थांबल्या असत्या, शिव्या पडल्या असत्या, आमची पाळी गेली असती. ऐंशी माणसं त्या थंडीत रस्त्यावर झोपली असती आणि परत जाऊन सांगितलं असतं की गजाची यात्रा कशी झाली. हे सगळं मनात यायला एक श्वास पुरला.

"हाय, मागच्या गारीन हाय," मी म्हणालो. "मी पाहिली."

मी पाहिली नव्हती. ती तिकडं असेल असं मला वाटत होतं, एवढंच. दादा "बरं" म्हणाला आणि जाऊन बसला. त्याच्या चेहऱ्यावरची काळजी माझ्या शब्दानं निघून गेली, ते मी बघितलं. तेच मला सर्वांत जास्त छळतं. माझ्यावर त्याचा इतका विश्वास होता की त्यानं पुन्हा विचारलं नाही.

दरड ओलांडून दोन तासांनी मुक्कामाला उतरलो, तेव्हा हिरूबाय कुठल्याच गाडीत नव्हती.

ताबडतोब जीप करून मागं निघालो. दरडीशी पोचलो तर रस्ता परत बंद. चार दिवस तो उघडला नाही. उघडला तेव्हा टपरी नव्हती, रस्त्याच्या माणसांनी सगळ्यांना खाली हलवलं होतं. पोलिसांत सांगितलं, फोटो दिला, दोन पोरं तिथं ठेवली. आम्ही परत आलो. टपावरचं सामान दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहिलं.

देवळात बैठक बसली. त्याच महिन्यात दादाच्या घरची जमीन गोदामाला द्यायची बोलणी चालली होती. सातबाऱ्यावर हिरूबायचंही नाव होतं, सही तिचीही लागणार होती, आणि ती सही करत नव्हती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तुम्ही समजलात, गाव कुठं बघत होतं. एका जाणत्या माणसानं मला विचारलं, "गजा, गारी सुटल्यावर तुला कुनी इचारलं का, हिरू कुठं हाय म्हनून?"

दादा समोर खांबाला टेकून बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. नुसतं बघितलं, वाट बघतात तसं.

"न्हाय," मी म्हणालो. "चूल भरली सांगितली, मी गारी सोडली."

दादानं खाली बघितलं. गावानं त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला.

बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी हिरूबाय परत आली. राहनाळच्या नाक्यावर एका ट्रकमधून उतरली. तिला हिंदी येत नव्हतं, अक्षर येत नव्हतं, येत होतं ते एकच नाव, भिवंडी. खाली आणून सोडलेल्या गावात ती तेवढंच म्हणत बसली होती. भिवंडीचं कापड कुठं जात नाही? एका ट्रकवाल्यानं ओळखलं, तो राहनाळला माल भरायचा. त्यानं तिला आईसारखं आणलं. ती उतरली तेव्हा तिचे पाय सुजले होते आणि लुगड्याला टपरीतल्या धुराचा वास होता. पण तोवर गावाची गोष्ट पक्की झाली होती, आणि पहिल्या तासातच तिच्या कानावर गेली: सही करत नाही म्हणून भावानं डोंगरावर सोडली. ती दादाच्या उंबऱ्यावर गेली नाही. बालूनं पुढं घर भिवंडीपलीकडं शेलार गावात बांधलं, ती त्याच्याबरोबर गेली.

ती जमीन दादानं कधीच दिली नाही. आजही चारी बाजूंनी पत्र्याची गोदामं आहेत आणि मधे ती गवताची पट्टी आहे. दादा गेल्या वर्षी गेला. मयत चार वाजेपर्यंत ठेवलं होतं. कुणी म्हणत नव्हतं, पण सगळे शेलारच्या बाजूला बघत होते. मीही बघत होतो. मी एकटाच असा होतो की ज्याला ती येऊ नये असंही वाटत होतं. ती आली असती, रडली असती, तर कदाचित मी तिथंच बोललो असतो. ती आली नाही. आम्ही उचललं.

यंदा मे लागायच्या आधी सायली आली. सायली दादाची नात, पंचवीस वर्षांची. अंजूरफाट्यावर तिचं लहानसं ऑफिस आहे, विमानाची तिकिटं, व्हिसा, सहली. चपला दारात उडवून ती माझ्या समोरच्या खुर्चीत बसली.

"आजोबा, तीस बायका घेऊन व्हिएतनामला चाललेय. पहिलाच मोठा ग्रुप. तुम्ही जुने खेळाडू. सांगा ना, माणसं मोजायचात कशी?"

"मोजत नव्हतो आम्ही."

"मग? अंदाजपंचे?" ती हसली. "मी तर प्रत्येकीच्या गळ्यात केशरी स्कार्फ घालणार. ग्रुपवर लोकेशन. आणि दर थांब्याला शाळेसारखी हजेरी. चिडल्या तर चिडू देत."

"चिडू देत," मी म्हणालो.

"शेलारला पण जाऊन आले. हिरूआजीला विचारायला. तिनं पासपोर्ट काढलाय, माहितेय तुम्हाला? बालूआजोबांच्या नातवानं हौसेनं काढून दिला, नुसता पेटीत पडलाय. मी म्हटलं, आजी चल, मी सांभाळते. तर म्हणते कशी," सायलीनं हिरूबायचा आवाज काढला, "तुझ्या आज्यानी मना डोंगरावर सोरली, तू समिंदरापल्यार सोरशील." हे सांगताना ती हसत होती, पण हसणं मधेच थांबलं. ती नखानं खुर्चीचा रंग खरवडत राहिली. "आजोबा, तुम्ही तिथं होतात. माझे आजोबा असे होते का हो?"

मी म्हणालो, "चहा घे."

दोन दिवस मी त्या उत्तराबरोबर घरात फिरलो. जिना उतरताना, आंघोळीला बसताना. मरणाची भीती या वयात असतेच, तिची सवय होते. ही भीती वेगळी होती. सायली परत येईल आणि तेच विचारेल, आणि मी पुन्हा चहा घे म्हणेन, याची ती होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला फोन केला. "मला शेलारला घेऊन चल. वाटेत काही विचारू नको."

ती गाडी चालवत होती. मी शेजारी पट्टा लावून बसलो होतो. नाक्यावर एक कुटुंब विमानतळाच्या गाडीत बॅगा चढवत होतं. बाप बोटानं पोरं मोजत होता, मोठ्यानं, निर्धास्त. मी डोळे मिटून घेतले.

बालूच्या ओट्यावर हिरूबाय लसूण सोलत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वाकलेली, पण नजर तीच. मला बघून म्हणाली, "काय रं गजा, कोन मेला?"

"कुनी न्हाय. तुला सांगायचंय."

बालू आतून आला. सायली पायरीवर उभीच राहिली. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. मी सगळं सांगितलं. शिट्टी, चुली, पाच-सात मिनिटं, दादा दांड्याला धरून आला ते, त्यानं काय विचारलं ते, आणि मी काय सांगितलं ते. बैठकीत मी काय म्हणालो, तेही. माझा आवाज मलाच परका वाटत होता, वर्गात धडा वाचणाऱ्या पोरासारखा सपाट.

बालू खाली बसला. भिंतीला हात लावत, हळूहळू.

हिरूबायच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "दादानी इचारलं व्हतं?"

"हो."

"गारी दरडीच्या आल्यार असतानी?"

"हो. परत फिरता आलं असतं."

तिनं पाकळी सोलली. ताटात ठेवली. दुसरी घेतली, तीही सोलली. ती शिव्या देईल, ताट फेकेल, यासाठी मी वीस वर्षं तयारी केली होती. तिनं तसं काही केलं नाही. शेवटी ती म्हणाली, "मी त्याचं तोंड बघाय गेलू न्हाय." ते तिनं मला सांगितलं नव्हतं. ती लसणाच्या सालांकडं बघत होती.

मग ती उठून आत गेली. बालू माझ्याकडं न बघता म्हणाला, "जा आता तू." मी चपला शोधायला लागलो. तेवढ्यात ती बाहेर आली. धुतलेलं लुगडं नेसली होती.

"सायले, गारी काढ. वयनीकरं जायचंय." मग माझ्याकडं वळून, "तू पन चल. तिला सांगशील तवा मना तितं बसायचंय."

शेलारहून अंजूरला यायला फार वेळ लागत नाही. भिवंडीत गर्दी होती, ट्रक होते, सायली सारखा हॉर्न वाजवत होती, आणि मी मनातल्या मनात विनवत होतो की रस्ता बंद व्हावा. हिरूबाय मागं बसली होती, काचेला कपाळ लावून. वीस वर्षांत ती या रस्त्यावरून गावात आली नव्हती. गोदामांची रांग लागली तेव्हा तिनं एकदाच विचारलं, "आपलं शेत कंचं?" सायलीनं बोट दाखवलं.

वहिनी दारातच होती. सायलीनं फोन केला असावा. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर उभ्या राहिल्या. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. वहिनी म्हणाली, "आत ये." मलाही म्हणाली, "या भाऊ."

आत भिंतीवर दादाचा फोटो होता, हार वाळलेला. मला त्याच्या खालीच खुर्ची मिळाली. हिरूबाय जमिनीवर बसली आणि म्हणाली, "सांग."

मी दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. सायली तोंडावर हात धरून दाराशी उभी होती. माझं संपल्यावर वहिनीनं पदरानं गुडघा पुसल्यासारखं केलं.

"म्हायती हाय मना," ती म्हणाली. "मी त्याच बसीन होते. तुमच्या मागच्याच सीटवर. आयकलं मी."

तिनं वर दादाच्या फोटोकडं बघितलं.

"मी यांना बोल्ले बी, बैठकीत का न्हाय सांगलं? तर बोलले, भरली मी बोल्लो, न बघता. चूक माजी. वर गजाच्या पोरीचं लगीन तोंडावर हाय, त्याच्यावर टाकून काय मिलनार? हिरू आली की तिला सांगीन." ती हिरूबायकडं वळली. "दोनदा आलते हे तुज्याकरं. तू दार लावलंस."

"लावलं," हिरूबाय म्हणाली.

"मंग मना बी शपथ घातली. ती शपथ मी पालली, हिरू. तुज्यापुढं चुकले मी."

हिरूबाय सरकत सरकत वहिनीजवळ गेली आणि तिच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून बसली. दोघींचे खांदे एकमेकांना लागले. सायली आत पाणी आणायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

मी उठलो. जाऊ का, असं विचारायचा मला अधिकार नव्हता, आणि न विचारता जायचं धैर्यही नव्हतं. वीस वर्षं मी ज्या माणसाच्या तोंडाला भीत होतो, त्यानं पहिल्याच दिवशी ते मिटून घेतलं होतं, माझ्या पोरीसाठी. ती पोर आज तिच्या नवऱ्याबरोबर सुट्टीवर आहे, मला फोटो पाठवते.

वहिनीनं मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला अधिक भीती वाटली.

"तुमी नाक्यावर यांना बघून लांबच्या गल्लीन शिरायचात ना भाऊ, ते त्यांना दिसायचं. मंग दुपारचं भाहेर पडायचं सोरलं त्यांनी. बोलायचे, गजाला उनातून लांबनं जायाला लागतं, त्यापरास मीच घरान बसतो."